पैसे मागितले, व्हाउचर मिळालं: नागपुरात नव्याने आलेल्या ग्राहकांनी काय करावं

समजा, मे महिन्यात नवा कूलर घेतला. आठवडाभरात पंप जळला. दुकानाने दोनदा मेकॅनिक पाठवला, दुसऱ्यांदा मोटारही गेली, आणि शेवटी दुकानदाराने कूलर परत घेऊन साडेसात हजारांची क्रेडिट नोट हातात ठेवली: तीन महिन्यांत आमच्याच दुकानातून काहीही घ्या. तोवर मृग लागलेला असतो. नागपुरात जूनच्या शेवटी कूलर कोण घेतो? दुकानात उरले मिक्सर, इस्त्र्या आणि गिझर. तुम्ही राहता भाड्याच्या खोलीत आणि जेवता मेसमध्ये. पैसे तुमचे, पण ते कुठे, कधी आणि कशावर खर्चायचे हे आता दुकान ठरवणार.

शिक्षणासाठी किंवा मिहान, हिंगणा, बुटीबोरीकडच्या नोकरीसाठी शहरात नव्याने आलेल्यांवर ही पाळी जास्त येते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गादीपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळं एकदम घ्यावं लागतं, दुकानदार ओळखीचा नसतो आणि भांडायला कोणी सोबत नसतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. व्हाउचर देणं हा गुन्हा नाही. पैसे परत मिळण्याचा तुमचा हक्क असताना, तुम्ही मान्य केलेलं नसताना, पैशांऐवजी व्हाउचर गळ्यात मारणं हे चुकीचं आहे. म्हणून पुढची सगळी लढाई दोन प्रश्नांवर ठरते: पैसे परत मिळणं हा तुमचा हक्क होता की दुकानाची मेहेरबानी? आणि तुम्ही व्हाउचरला कुठे 'हो' म्हणून बसलात का?

आधी आपली बाजू तपासा

गांधीबागेतून किंवा इतवारीतून घेतलेला ड्रेस घरी आणल्यावर रंग आवडला नाही, माप चुकलं, आईने नाक मुरडलं, या कारणांसाठी पैसे परत मागण्याचा कायदेशीर हक्क दुकानात जाऊन केलेल्या खरेदीत नाही. दुकानदार बदलून देतो म्हणाला किंवा क्रेडिट नोट देतो म्हणाला, तर तो त्याचा व्यवहारीपणा. तिथे आवाज चढवण्यात अर्थ नाही. क्रेडिट नोटची मुदत वाढवून मागा, मिळते बहुतेक वेळा.

बाजू बदलते ती माल खराब निघाल्यावर, सांगितलं एक आणि दिलं दुसरं झाल्यावर, बनावट माल निघाल्यावर किंवा कबूल केलेली सेवा मिळालीच नाही तर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापार प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घेऊन त्याचे पैसे परत करायला नकार देणं हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. मुदत बिलावर छापलेली असेल ती. बिलावर काहीच नसेल तर ३० दिवस. त्याच यादीत बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा म्हणून आहे. हे लक्षात ठेवा, कारण "कच्च्या चिठ्ठीवर स्वस्त लावून देतो" ही ऑफर बर्डी, म्हणजे सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत कुठेही मिळते आणि नंतर तीच चिठ्ठी तुमच्या अंगाशी येते.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा बिलाखालचा शिक्का पाहून बरेच जण तिथेच थांबतात. तुमचं मन बदललं असेल तर त्या शिक्क्याला अर्थ आहे; माल सदोष असेल तर त्या शिक्क्याने कायद्याने दिलेला हक्क पुसला जात नाही. सेलमधला माल असला तरी तेच. अपवाद एवढाच, की दोष आधीच दाखवून, त्यासाठी किंमत कमी करून माल विकला असेल, तर त्याच दोषावरून नंतर तक्रार टिकत नाही.

मात्र उपकरणांच्या बाबतीत थोडा संयम लागतो. वॉरंटीतली वस्तू बिघडली की पहिली पायरी दुरुस्ती असते, आणि विक्रेता किंवा कंपनीला ती संधी दिलेली दिसली तर पुढे तुमचं म्हणणं वजनदार होतं. मेकॅनिक जितक्या वेळा येईल तितक्या वेळा त्याच्याकडून जॉब शीट घ्या किंवा निदान मोबाइलवर आलेला सर्व्हिसचा मेसेज जपून ठेवा. एकच दोष पुन्हा पुन्हा येतोय हे त्या कागदांतूनच सिद्ध होतं.

ऑनलाइन खरेदीला आणखी एक आधार आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला, किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर आला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. पूर, दंगल अशा कोणाच्या हातात नसलेल्या कारणाने उशीर झाला तर गोष्ट वेगळी. दिवाळीच्या पाडव्यासाठी मागवलेला सदरा देवदिवाळीला आला, तर तुमची बाजू पक्की आहे.

आणि व्हाउचर भरपाई म्हणून वर मिळत असेल, म्हणजे पैसे खात्यात आलेच आणि त्रास झाला म्हणून शंभर रुपयांचं कूपनही आलं, तर खुशाल घ्या. ते परताव्याऐवजी आलेलं नाही.

संमती कुठे जाते ते बघा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथे हक्क असलेला माणूसही हरतो.

पेमेंट अ‍ॅग्रीगेटर, म्हणजे दुकान आणि बँक यांच्या मधे बसून ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपन्या, यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्यात परताव्याचा नियम सरळ आहे: ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने ते परत जातील, ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला स्वतःहून मान्यता दिली असेल तरच अपवाद. कार्डाने भरले तर कार्डावर, यूपीआयने भरले तर त्या खात्यात. सगळा खेळ त्या मान्यतेचा आहे. कंपनीला ती हवी असते, आणि ती ती कशी मिळवते ते बघण्यासारखं आहे.

अ‍ॅपमध्ये परताव्याच्या पानावर दोन पर्याय येतात. 'वॉलेटमध्ये, लगेच' हे मोठ्या रंगीत बटणावर, आणि 'मूळ खात्यात, ५ ते ७ दिवस' हे खाली बारीक करड्या अक्षरांत. घाईत असलेला माणूस मोठं बटण दाबतो. झाली मान्यता. कधी वॉलेटचा पर्याय आधीच निवडून ठेवलेला असतो. ई-कॉमर्स नियमांमध्ये आधीच खूण केलेल्या चौकोनांतून ग्राहकाची संमती गृहीत धरायला मनाई आहे, पण ती मनाई दाखवून द्यायला तुमच्याकडे त्या पानाचा स्क्रीनशॉट हवा. तेव्हा बटण दाबण्याआधी स्क्रीनशॉट, ही सवय लावून घ्या. फक्त वॉलेटचाच पर्याय दिसत असेल तर काहीही दाबू नका. स्क्रीनशॉट काढून ग्राहक सेवेला लिहा, की मूळ खात्यात परतावा हवा आहे आणि अ‍ॅप तो पर्याय देत नाही.

दुकानात हीच मान्यता सहीतून घेतात. क्रेडिट नोटच्या खाली बारीक ओळ असते: वरील रक्कम क्रेडिट स्वरूपात स्वखुशीने स्वीकारली. सही करावीच लागली, माल दुकानात ठेवून रिकाम्या हाताने परत जायची भीती असली, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: "रोख परताव्याचा हक्क राखून स्वीकारले." दुकानदार तोंड वाकडं करेल. करू द्या. लिहू देत नसेल तर त्याच दिवशी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर तेच वाक्य पाठवा. तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते.

आणि ते व्हाउचर वापरू नका. पाचशेचंसुद्धा नाही. एकदा त्यातून खरेदी केली, की मला हे मान्यच नव्हतं हे म्हणणं फार अवघड होऊन बसतं. आधीच थोडं वापरलं असेल तर उरलेल्या रकमेपुरती मागणी करा, तीही लवकर.

व्हाउचर खिशात ठेवून वाट पाहण्यात आणखी एक धोका आहे. फक्त त्याच दुकानात चालणारं व्हाउचर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या प्रीपेड साधनांत मोडत नाही. दुकानाने शटर ओढलं किंवा अ‍ॅप बंद पडलं, तर त्या कागदामागे कोणती बँक उभी नसते.

केंद्रीय प्राधिकरणाने काय म्हटलंय

काउंटरवर बोलताना दोन अलीकडची उदाहरणं माहीत असली की आवाजात आत्मविश्वास येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला कॅब्जला निर्देश दिले. तक्रार केली की कंपनी पुढच्या राइडसाठी फक्त कूपन द्यायची, बँक खात्यात पैसे घेण्याचा पर्यायच नव्हता. प्राधिकरणाने सांगितलं, की खात्यात पैसे की कूपन ही निवड ग्राहकाला द्या.

दुसरं ऑगस्ट २०२५ चं. पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये, अशी रॅपिडोची जाहिरात होती. प्रत्यक्षात मिळायचे ५० पर्यंतचे 'कॉइन', तेही सात दिवसांत आणि फक्त बाइक टॅक्सीसाठी वापरायचे. प्राधिकरणाने १० लाख रुपये दंड केला आणि ज्यांना ५० रुपये मिळाले नव्हते त्यांना ते द्यायला सांगितलं. ही जाहिरातीची केस होती, परताव्याची नाही, पण कॉइन म्हणजे रुपया नव्हे एवढं त्यातून दिसतं.

विमान तिकिटाचं असेल तर नियम आणखी थेट आहे. परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, विमान कंपनीने ते आपोआप करायचं नाही, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे. "पण कोविडमध्ये तर सुप्रीम कोर्टाने क्रेडिट शेल चालवून घेतलं," असं एजंट सांगतात. अर्धं सांगतात. १ ऑक्टोबर २०२० चा तो आदेश लॉकडाउनच्या अपवादात्मक परिस्थितीतला होता. लॉकडाउनच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे लगेच परत करायला सांगितले होते, आणि क्रेडिट शेलवरही दरमहा वाढ देऊन ३१ मार्च २०२१ नंतर उरलेली रक्कम परत करायची होती. म्हणजे तिथेही शेवटी पैसेच.

कोचिंग क्लासचा प्रश्न नागपुरात येणाऱ्या विद्यार्थ्यांना हमखास पडतो. बॅच मधेच सोडली की क्लास सांगतो, पैसे नाहीत, पुढच्या बॅचला जमा करून घेऊ. शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत उरलेल्या काळाची फी प्रमाणात, १० दिवसांत परत करावी असं आहे. या सूचना राज्यांसाठी आहेत, त्यामुळे त्यांनाच ब्रह्मवाक्य समजून जाऊ नका. पत्रात उल्लेख मात्र जरूर करा.

काउंटरवर

आता प्रत्यक्ष दुकानात. गर्दीची वेळ टाळा. रविवारी संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर कुठल्याही दुकानात परताव्याची चर्चा होत नसते. दुकानदाराला गिऱ्हाइकांसमोर माघार घ्यायची नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकान उघडल्यावर तासाभराने जा. माल, बिल आणि खोका घेऊन जा. खोका हरवला म्हणून दोष नाहीसा होत नाही, पण वादाचा एक मुद्दा कमी होतो.

काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घालू नका. त्याच्या हातात काही नसतं, आणि "भैया, पैसा वापस नहीं मिलता, दूसरा कुछ ले लो" एवढंच त्याला शिकवलेलं असतं. मालकाला किंवा मॅनेजरला भेटा. नागपुरात 'भाऊ' म्हणून सुरुवात केली की बोलणं निम्मं सोपं होतं. बोलायचं एवढंच:

"भाऊ, माल खराब निघाला आहे, हे बघा. मला बदली नको, क्रेडिट नोट नको. ज्या खात्यातून पैसे दिले त्याच खात्यात परत करा. जमत नसेल तर बिलाच्या मागे तसं लिहून द्या."

शेवटचं वाक्य विसरू नका. नकार लिहून द्यायला सहसा कोणी तयार होत नाही, आणि तिथूनच बोलणी सुरू होतात.

"जीएसटीचं बिल फाटलंय, आता उलटं करता येत नाही," हे उत्तर फार ठिकाणी ऐकू येतं. ते खरं नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये माल परत आला तर विक्रेत्याने आपल्या हिशेबात क्रेडिट नोट काढून कर कमी करून घ्यायची सोय आहे. ती त्याच्या आणि कर खात्याच्या मधली नोंद. तिच्यासाठी तुमचे पैसे अडवून ठेवायचं कारण नाही. रोख देता येत नाही म्हणत असेल तर यूपीआय आहे, बँकेतून ट्रान्सफर आहे.

"कंपनीकडे जा, आमचा संबंध नाही," हेही ऐकाल. पैसे ज्याने घेतले त्याच्याशी तुमचा व्यवहार आहे. पुढे तक्रार करायची वेळ आली तर दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही पक्ष करता येतं, आणि तसंच करावं, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

कागद

बिल हातात आलं की त्याच मिनिटाला फोटो काढा. थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने काळवंडते किंवा उडून जाते, आणि इथल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेलं बिल महिन्याभरात कोरा कागद होऊ शकतं. त्याशिवाय पैसे दिल्याची नोंद, दोषाचा फोटो किंवा छोटा व्हिडिओ, दुकानात लावलेल्या परताव्याच्या अटींच्या पाटीचा फोटो, व्हाउचरच्या दोन्ही बाजू आणि सगळे मेसेज एका फोल्डरमध्ये ठेवा. फोनवर बोलणं झालं तर नंतर लगेच एक मेसेज टाका: "आत्ताच्या बोलण्यात आपण पैसे परत देण्यास नकार दिला व क्रेडिट नोट घ्या असे सांगितले." उत्तर आलं नाही तरी नोंद राहते.

नव्याने आलेल्यांसाठी एक जास्तीचा कागद: भाडेकरार, किंवा होस्टेलचं नाहीतर कंपनीचं पत्र. त्याचं कारण पुढे येईल.

लेखी मागणी

तोंडी जमलं नाही तर लेखी. वकिलाची नोटीस काढणं कायद्याने सक्तीचं नाही. साधं पत्र पुरतं, दुकानाला स्पीड पोस्टने आणि ईमेलने. ऑनलाइन कंपनी असेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणंही. मजकूर असा ठेवता येईल:

"दि. …… रोजी बिल क्र. …… अन्वये आपणाकडून …… ही वस्तू रु. …… ला घेतली. दि. …… रोजी तिच्यात …… हा दोष आढळला. दुरुस्ती करूनही तो गेला नाही. मी रकमेचा परतावा मागितला असता आपण माझ्या संमतीशिवाय रु. …… चे व्हाउचर दिले. ते मला मान्य नाही, मी ते वापरलेले नाही व परत करण्यास तयार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष मालाची रक्कम परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत संपूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी, अन्यथा मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल."

यात शिव्या नकोत, मनस्तापाचे दोन पानी वर्णन नको, "तुम्हाला बघून घेतो" तर मुळीच नको. हे पत्र उद्या आयोगापुढे तुमच्याच नावाने वाचलं जाणार आहे. माझ्या मते बरीच छोटी प्रकरणं या पत्रावरच मिटतात, कारण 'वापरलेले नाही व परत करण्यास तयार आहे' हे वाचल्यावर समोरच्याला कळतं, की या माणसाने कुठेतरी विचारून लिहिलंय.

१९१५

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. मराठीत बोलता येतं. उमंग अ‍ॅपवरून किंवा हेल्पलाइनच्या संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदवता येते आणि कागद जोडता येतात. नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

हेल्पलाइन आदेश देत नाही, ती कंपनीकडे तक्रार पोचवून तडजोड घडवू पाहते. मोठ्या ऑनलाइन कंपन्या, विमान कंपन्या, मोबाइल कंपन्या यांच्या बाबतीत तिचा चांगला उपयोग होतो, कारण त्यांच्यातल्या अनेकांची हेल्पलाइनशी थेट जोडणी आहे. गल्लीतल्या दुकानाच्या बाबतीत फारशी अपेक्षा ठेवू नका. तिथे पत्र आणि आयोग हाच रस्ता.

एकच कंपनी सरसकट सगळ्यांना व्हाउचर देत असेल, तर प्रश्न तुमच्या एकट्याचा राहत नाही. अशी तक्रार केंद्रीय प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते. ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांचा भंग झाला असेल तर चौकशी करून अहवाल देण्याचा अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. हा मार्ग फार कमी लोक वापरतात. तुमचे स्वतःचे पैसे मात्र त्यातून परत येतीलच असं नाही, त्यासाठी स्वतंत्र तक्रार करावी लागते.

जिल्हा आयोग

नागपूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग सिव्हिल लाइन्समध्ये प्रशासकीय इमारतीत आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांच्या तक्रारी जिल्हा आयोगात चालतात, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. मराठीत तक्रार करता येते, इथले बरेच आदेशही मराठीतच असतात. घरबसल्या करायची तर १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे संकेतस्थळ सुरू आहे. आधीचं ई-दाखिल ज्यांनी वापरलं असेल त्यांना ते ओळखीचं वाटेल.

आता त्या भाडेकराराचं कारण. जुन्या कायद्यात कंपनी जिथे आहे किंवा व्यवहार जिथे झाला तिथे जावं लागायचं. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथेही तक्रार करायची मुभा दिली. म्हणजे तुम्ही मूळचे गोंदियाचे, कंपनी बेंगळुरूची आणि वस्तू मागवली पुण्यात असताना, तरी आज नागपुरात राहत असाल तर तक्रार नागपुरात. आधार कार्डावर जुना पत्ता असतो, म्हणून इथल्या वास्तव्याचा पुरावा जोडायचा.

मुदत दोन वर्षांची, कारण घडल्या दिवसापासून. व्हाउचरची मुदत संपेपर्यंत वाट पाहण्याचा मोह आवरा. दुकानाने पैसे नाकारून व्हाउचर दिलं त्या दिवसापासूनच मोजायला लागा.

तक्रारीत काय मागायचं ते नीट लिहा: मूळ रक्कम, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची वाजवी भरपाई, तक्रारीचा खर्च. दोन हजारांच्या बुटासाठी दोन लाखांची भरपाई मागणारे अर्ज येतात, आणि त्यांच्याकडे कोणी गांभीर्याने बघत नाही. आणखी एक तांत्रिक खाच: "कोणत्याही परिस्थितीत पैसे परत नाहीत" ही अटच अन्यायकारक करार म्हणून रद्द करा अशी मागणी जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाच्या अखत्यारीत येते. त्यामुळे जिल्हा आयोगात तक्रार सदोष माल, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या शब्दांतच मांडा.

तुम्ही ग्राहक आहात का, हा आक्षेप हमखास येतो. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी घेतलेला माल कायद्याबाहेर. पण पोट भरण्यासाठी स्वतः चहाची टपरी चालवणाऱ्याने त्या टपरीसाठी घेतलेला फ्रिज कायद्यात बसतो. स्वयंरोजगाराचा अपवाद त्यासाठीच आहे. तक्रारीतच तसं लिहून टाका.

दाखल झाल्यावर समोरच्याला म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. आयोग मध्यस्थीही सुचवू शकतो. मध्यस्थीत कंपनीचा माणूस पुन्हा व्हाउचरच पुढे करेल, या वेळी रक्कम वाढवून. ते पटलं तर घ्या, आता निवड तुमची आहे; पण मुदत, कुठे चालेल, आणि उरलेली रक्कम खात्यात मिळेल का, हे तडजोडीच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. कायदा म्हणतो की मालाची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. सुनावणीला दर वेळी जाणं शक्य नसेल, परीक्षा असेल किंवा शिफ्ट असेल, तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याची परवानगी अर्ज करून मागता येते.

निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. त्याचं परिक्रमा खंडपीठ (सर्किट बेंच) नागपुरात बसतं. कंपनीला अपील करायचं असेल तर आदेशातल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते, त्यामुळे छोट्या रकमांसाठी सहसा कोणी वर जात नाही. आणि आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जाबरोबर आदेशाची प्रमाणित प्रत आणि ज्या खात्यात पैसे हवेत त्याचा रद्द केलेला चेक जोडा.